काचपट्टी क्रमांक बारा

१

पंधरवड्याचा अहवाल लिहायला मला अकरा मिनिटं लागतात. त्यातली चार कॉम्प्युटर सुरू व्हायला जातात. मागचा अहवाल उघडायचा, तारीख बदलायची, छापायचा आणि सही ठोकायची. नाशकात धोकादायक इमारतींच्या यादीत नाव असलेल्या कुठल्याही इमारतीत मी याहून जास्त वेळ घालवलेला नाही.

धोकादायक इमारत कशाला म्हणतात ते लोकांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, जिला तडे गेलेत ती. पडल्यावर ज्या इमारतीबद्दल आम्हाला विचारलं जाईल, ती धोकादायक. यादीत नाव घालायचं, दारावर नोटीस डकवायची, नोटिशीचा फोटो काढायचा. नंतर इमारत पडली तरी आमच्या अंगाला तोशीस लागत नाही. एकोणतीस वर्षं मी कनिष्ठ अभियंता आहे आणि निवृत्तीला चौदा महिने उरलेत. एवढ्या काळात मी एवढंच काम शिकलो आणि ते मला उत्तम येतं.

नाशिक रोडला स्टेशनच्या मागच्या बाजूला 'स्नेहबंध अपार्टमेंट' नावाची चार मजली इमारत होती. चाळीस वर्षांपूर्वीचं बांधकाम. ज्या बिल्डरने बांधली त्याने सिमेंट वाचवलं, ज्यांनी घेतली त्यांनी दुरुस्ती वाचवली, आणि आता मूळ मालकांची पोरं कोर्टात एकमेकांची तोंडं बघत नाहीत. बारापैकी दहा फ्लॅटमधून शहाणे लोक निघून गेले होते. दोन घरं राहिली होती. पहिल्या मजल्यावर वत्सलाबाई, तिचा मुलगा भिकन, सून आणि चार वर्षांची नात. हे माळी कुटुंब. गावाकडची झेंडूची जमीन लेआउटमध्ये गेल्यावर बाजारातून फुलं आणून हार ओवायचं. आणि तिसऱ्या मजल्यावर झिपरू आणि आशा, पेठच्या डोंगराकडून मजुरीला आलेलं जोडपं. एकूण सहा माणसं.

रिकाम्या न झालेल्या इमारतीची दर पंधरा दिवसांनी पाहणी करायची असा नियम आहे. तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवतात, तिच्यावर क्रमांक, तारीख आणि सही घालतात. तडा रुंदावला की काच तडकते. मार्चमध्ये मी एकदा गेलो होतो. म्हणजे समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो आणि आमचा मुकादम लखन आत जाऊन जिन्यात तीन पट्ट्या चिकटवून आला होता. त्यावर सह्याही त्यालाच करायला सांगितल्या. तेव्हापासून सगळं टेबलावरून. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, पण उंटावरून शेळ्या दिसतात तरी.

अहवालाचा शेवट ठरलेला. 'सर्व मजल्यांची प्रत्यक्ष पाहणी केली. भिंतींना कान लावून व ठोकून पाहिले. काचपट्ट्या अखंड. तूर्त धोका संभवत नाही.' धोका आहे असं लिहिलं की माणसं बाहेर काढा, पोलीस मागवा, राहायला जागा द्या, कोर्टात उभे राहा. धोका संभवत नाही लिहिलं की घरी जा.

मध्यंतरी आमच्या उपअभियंता शुभांगी मॅडम म्हणाल्या की सगळे अहवाल सारखेच दिसतात. म्हणून मी दर वेळी एकेक नवी पट्टी वाढवायला लागलो. चौथी दुसऱ्या मजल्याच्या बंद फ्लॅटच्या चौकटीवर. पाचवी वत्सलाबाईच्या मोरीत. असं करत सप्टेंबरपर्यंत कागदावर अकरा पट्ट्या झाल्या. वाचणाऱ्याला वाटावं, काय कष्टाळू माणूस आहे.

२

सिंहस्थाची कामं सुरू झाली आणि सगळ्या याद्या वर आल्या. स्टेशनकडचा रस्ता रुंद व्हायचा होता. मॅडमनी हुकूम काढला की यापुढे प्रत्येक पट्टीचा फोटो मोबाइलच्या ॲपवर टाकायचा, तोही जागेवरूनच. टेबलावरून काढलेला फोटो ते ॲप घेत नाही. ज्याने ते बनवलं त्याला आमच्यासारखे लोक ठाऊक असणार.

म्हणून नवरात्राच्या आधीच्या मंगळवारी, भर दुपारी, मी खिशात आठ काचपट्ट्या आणि चिकटवायचा लगदा घेऊन निघालो. चौथीपासून अकरावीपर्यंतच्या पट्ट्या आता खरोखर लावाव्या लागणार होत्या. मागच्या तारखा घालून सह्या करायच्या आणि फोटो काढायचे, असा बेत होता. लखनला घेतलं नाही, कारण लखनला काही सांगितलं की ते टपरीवर कळतं.

जिना अंधारा होता आणि झेंडूचा वास कोंडला होता. लखनच्या तीन पट्ट्या जागेवर होत्या, वाकड्या चिकटवलेल्या आणि लगद्याने बरबटलेल्या. त्याच्या हाताला दुसरं काही शोभलंही नसतं.

दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि बंद फ्लॅटच्या चौकटीपाशी पट्टी काढायला खिशात हात घातला. चौकटीवर काचेची पट्टी होती. सरळ, आडवी, कडेने लगदा नीट पुसून घेतलेला. तिच्यावर क्रमांक चार, माझ्या अहवालातली तारीख आणि माझी सही.

मी वरखाली फिरलो. सहावी, सातवी, आठवी, जिथे जिथे मी टेबलावर बसून मनाला येईल ती जागा लिहिली होती तिथे तिथे पट्टी होती. गच्चीच्या दारावर दहावी होती, आणि गच्चीला दार आहे की नाही हेही मला लिहिताना ठाऊक नव्हतं.

सहीबद्दल सांगायला हवं. माझी सही मला दोनदा सारखी येत नाही. बँकेतली बाई दर वेळी कपाळाला आठ्या घालते. या पट्ट्यांवरच्या सह्या मात्र एकसारख्या होत्या, एकीवर दुसरी ठेवली तर रेघ चुकली नसती. मी तिथेच पायरीवर बसून घाम पुसला. मग फोटो काढले. कामाचं काम झालं होतं, ते सोडायला मी काही खुळा नव्हतो.

३

पाचवी पट्टी वत्सलाबाईच्या मोरीत होती, म्हणून तिचं दार वाजवलं. साठीची, बुटकी बाई. हातात सुई आणि मांडीवर झेंडू. दार उघडून ती आश्चर्याने बघायला लागली, आणि मला वाटलं, आता कोण तुम्ही म्हणून विचारणार.

"साहेब, आज दुसऱ्यांदा?" ती म्हणाली. "सकाळीच तर येऊन गेले तुम्ही."

मी म्हटलं, सकाळी मी ऑफिसात होतो. ती हसली. साहेब लोक चेष्टा करतात तेव्हा गरिबाने हसायचं असतं, तसं. मग म्हणाली, बसा तरी, नाहीतर तुम्ही कधी बसतच नाही. चहा घेत नाही, पाणी घेत नाही. येता, बोटाने भिंत वाजवता, कान लावता आणि तासन्‌तास उभे राहता. नात घाबरायची आधी, आता नाही घाबरत. ती पण भिंतीला कान लावते.

मी विचारलं, मी काही बोलतो का? विचारताना माझंच मला हसू आलं.

"जाताना बोलता ना. तूर्त धोका संभवत नाही."

ही बाई शाळेची पायरी चढलेली नव्हती. 'संभवत' हा शब्द तिच्या तोंडात आला कुठून? तो आमच्या कचेरीबाहेर कोणी वापरत नाही. आमचा अहवाल तिला कोणी वाचून दाखवण्याची शक्यता शून्य, कारण तो आमच्यातलंही कोणी वाचत नाही.

मग तिने जे सांगितलं ते मला आजही चावतं. जूनमध्येच त्यांचं निघायचं ठरलं होतं. निफाडला तिचा भाऊ आहे, फकिरा. त्याने द्राक्षबागेतली दोन खोल्यांची जागा झाडून ठेवली होती. ट्रक सांगितला होता, भांडी बांधली होती. झिपरू आणि आशालाही फकिराने बागेत कामाला यायला सांगितलं होतं.

"पण तुम्ही स्वतः येऊन दर पंधरा दिवसांनी सांगता," ती म्हणाली. "एवढा मोठा साहेब जिवाची काळजी घेतो म्हटल्यावर तुमच्या शब्दावर राहिलो."

मला राग आला. कोणाचा ते कळलं नाही, म्हणून मी तिच्यावरच काढला. मोरीचा फोटो काढला आणि निघून आलो.

४

माणसाचं डोकं आधी सोपं उत्तर शोधतं. मी पहिला संशय लखनवर घेतला. तो माझ्या नावाने फिरत असेल, सह्या करत असेल. पण लखन सांगितल्याशिवाय काम करतो यापेक्षा भुतंखेतं असतात हे मानणं मला सोपं गेलं असतं. दुसरा संशय त्या बाईवर. घर सोडायला लागू नये म्हणून रचलेलं नाटक. पण मग गच्चीच्या दाराची दहावी पट्टी तिला कशी ठाऊक? तिसरा संशय माझ्यावरच. साखर वाढली की माणूस विसरतो म्हणतात. मी रक्त तपासून घेतलं. साखर होती तेवढीच होती.

शेवटी ठरवलं की बघूच. टेबलावर बसलो आणि अहवालाला पुरवणी जोडली: 'काचपट्टी क्रमांक बारा, तिसरा मजला, झिपरू यांचे खोलीत, पत्र्याच्या ट्रंकेमागील भिंतीवर लावली.' त्यांच्याकडे ट्रंक आहे की नाही याचा मला पत्ता नव्हता. मजुराच्या घरी दुसरं काय असणार म्हणून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गेलो. झिपरू कामावर न जाता घरी होता, पायाला लागलं होतं. आशा चूल पेटवत होती. भिंतीला टेकून हिरव्या पत्र्याची ट्रंक होती. मी सरकवली. मागे पट्टी क्रमांक बारा, कालची तारीख.

आशा म्हणाली की काल संध्याकाळी तुम्हीच ट्रंक उचलली. दोन माणसांना उचलत नाही ती तुम्ही एका हाताने उचलली, म्हणून आम्ही बघत राहिलो. मी झिपरूला विचारलं, तो, म्हणजे मी, भिंतीला कान लावून काय ऐकतो?

झिपरू मान खाली घालून बसला होता. डोंगराकडची माणसं कमी बोलतात आणि आम्ही त्यांना बावळट समजतो.

"साहेब एक डाव वाजवतो," तो म्हणाला. "मग आतून वाजतं. मग साहेब हसतो."

५

त्या दिवशी मी पहिल्यांदा पट्ट्या सोडून भिंतींकडे पाहिलं. एवढी वर्षं त्यासाठीच पगार घेतला, पण पाहिलं त्या दिवशी.

जिन्यातल्या सातव्या पट्टीखाली तडा केसाएवढा होता. पट्टीच्या वीतभर वर त्यात माझी दोन बोटं गेली. वीतभर खाली चार. फक्त काच होती तेवढ्या जागेत भिंत मिटून बसली होती, कोणीतरी दोन्हीकडून दाबून धरल्यासारखी. आठव्या पट्टीपाशी तेच. बाराव्या पट्टीच्या बाजूला ट्रंकेमागे हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला आणि आत गार हवा होती. तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीत, जिच्या पलीकडे भर उन्हातला रस्ता आहे, तिच्यात गार हवा.

मी अहवालात लिहिलं होतं की काचपट्ट्या अखंड, म्हणून काचा अखंड होत्या. भिंतीबद्दल मी काही लिहिलेलं नव्हतं.

इमारत उभी होती हेच नवल. अभियंता म्हणून मी कसाही असलो तरी एवढं मला कळत होतं की ती आठवडाभरही काढणार नाही. मी पहिल्या मजल्यावर आलो आणि वत्सलाबाईला सांगितलं की आजच्या आज निघा. ती म्हणाली, दसऱ्याच्या ऑर्डरी घेतल्यात, दसरा झाला की बघू. मी आवाज चढवला. तेवढ्यात भिकन बाहेर आला, तिचा मुलगा. त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि ओळखपत्र मागितलं. एकोणतीस वर्षांत माझं ओळखपत्र कोणी मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते एका हारवाल्याने.

मी काढून दाखवलं. त्याने उलटसुलट पाहिलं.

"हे त्यांच्याकडं पण हाय," तो म्हणाला. "आणि ते कधी ओरडत नाय."

दार लागलं. आतून नात हसल्याचा आवाज आला, आणि मग भिंतीवर बोटाची एक टकटक.

६

आता मी काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. मॅडमकडे जायचं आणि खरं सांगायचं. सहा महिने मी एकदाही गेलो नाही, सगळे अहवाल खोटे आहेत, इमारत पडणार आहे, माणसं आजच काढा. त्यावर चौकशी लागली असती, निलंबन झालं असतं, निवृत्तिवेतन अडकलं असतं. पण सहा माणसं संध्याकाळपर्यंत निफाडला पोचली असती.

मी टेबलापाशी गेलो.

मला वाटलं, मी फार हुशार आहे. तो जो कोणी आहे तो माझा लिहिलेला शब्द पाळतो. मग त्यालाच कामाला लावावं. लोक माझं ऐकत नाहीत, त्याचं ऐकतात. मी ॲपवर नवा अहवाल उघडला आणि लिहिलं: 'इमारत अतिधोकादायक. सर्व सहा रहिवाशांना आज रोजी समक्ष बाहेर काढण्यात आले. इमारत पूर्णतः रिकामी.' त्या नमुन्यात पुढे एक रकाना असतो, रहिवाशांना हलवलेले ठिकाण. तो आमच्याकडे कोणी भरत नाही. भरला की जागा दिल्याचं सिद्ध करावं लागतं आणि ते झंझट कोणाला हवंय? मीही हाताच्या सवयीने तो रिकामा टाकला आणि पाठवा असं लिहिलेलं बटण दाबलं.

नऊ मिनिटं लागली. त्या रात्री मला शांत झोप लागली, हे मुद्दाम सांगतो.

७

सकाळी दहाला इमारतीत गेलो तर वत्सलाबाईचं दार सताड उघडं. जमिनीवर झेंडूचे ढीग, एक हार अर्धा ओवलेला, सुई फुलात अडकलेली. गॅसवर दूध होतं, त्यावर साय धरली होती. चपला दाराशीच होत्या. मोठ्या तीन जोड आणि एक लहान, पट्ट्याचा. वर झिपरूच्या खोलीतही तेच. ट्रंक भिंतीपासून सरकवलेली होती आणि तिच्यावर त्याची पायाला बांधायची चिंधी.

मी मनाशी म्हटलं, घाईत गेले असतील. चपला न घालता? गरीब माणसं, त्यांना काय सवय असते. हेसुद्धा मी मनाशी म्हणालो. दारामागच्या कॅलेंडरवर फकिराचा नंबर पेनने लिहिला होता. त्याला फोन लावला. तो बागेत होता, मागे फवारणीचं मशीन वाजत होतं. इकडं तर कोणीच आलं नाय, तो म्हणाला, आणि बहिणीला फोन द्या म्हणाला. मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

समोरच्या टपरीवर विचारलं. टपरीवाला सकाळी पाचपासून तिथेच असतो आणि रस्त्यावरची माशीही त्याला ठाऊक असते. काल संध्याकाळी साहेब म्हणजे मी आत गेलो, एवढं त्याने पाहिलं होतं. बाहेर कोणी आलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तो रिकामा रकाना मला तेव्हा आठवला. धावत ऑफिसात आलो. ॲपवर पाठवलेला अहवाल बंद होतो, त्याला हात लावता येत नाही. मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी उठून माझं अभिनंदन केलं. पोलीस नाही, आरडाओरडा नाही, एका संध्याकाळीत इमारत रिकामी. वर कळवलं होतं, आणि वरून गुरुवारी सकाळी पाडण्याचा आदेश आलाही होता. आमच्याकडे ज्या कामाला सहा महिने लागतात ते सिंहस्थ आला की एका दिवसात होतं.

मी म्हटलं, अहवालात ठिकाणाचा रकाना राहिलाय, दुरुस्ती करायचीय. मॅडम म्हणाल्या, करून देते. आधीचं चुकलं कसं, हे कारण म्हणून लेखी द्या. काल तुम्ही त्यांना समक्ष बाहेर काढलं ना? मग कुठे पाठवलं ते तुम्हाला तेव्हाच ठाऊक असणार.

त्यांचा आवाज साधा होता. माझ्यासमोर कोरा कागद होता आणि त्यांचंच पेन. 'मी काल तिथे नव्हतो' एवढंच लिहायचं होतं. एक वाक्य लिहिलं की मागचे सगळे अहवाल त्याच्यामागोमाग उघडे पडले असते. मी म्हटलं, बघतो, उद्या आणून देतो. दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

८

गुरुवारी सकाळी नऊला पोकलेन येऊन उभं होतं. बघ्यांची गर्दी, पोलिसांची दोरी. लोकांना इमारत पडताना बघायला फार आवडतं, राहताना कोणी बघत नाही. मॅडम हेल्मेट घालून उभ्या होत्या. पाडण्याआधी आत कोणी नाही याची खात्री करून सही द्यायची असते, आणि ती सही माझी होती. लखन म्हणाला, कशाला जाता साहेब, मीच जाऊन येतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काम मागितलं आणि मी नाही म्हणालो.

पहिल्या मजल्यावर झेंडू काळे पडायला लागले होते. दुसऱ्यावर काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर झिपरूची खोली उघडी होती. खिडकीतून ऊन थेट भिंतीवर पडलं होतं, म्हणजे अंधारात चुकून पाहिलं असं मला म्हणता येणार नाही.

ट्रंक होती तिथे एक माणूस पाठमोरा उभा होता. माझ्याच अंगकाठीचा, थोडा सरळ. शर्टाला इस्त्री होती, माझ्या शर्टाला नसते. डावा कान भिंतीला लावलेला. मी दारात होतो, चार पावलांवर, आणि त्याचा कान कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते मला दिसेना. मी डोळे बारीक करून पाहिलं. तिथे कड नव्हती. गालाचा रंग तसाच चुन्यात उतरत गेला होता.

त्याने बोटाच्या पेराने भिंत एकदा वाजवली.

आतून टकटक आली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग जरा खालून, जमिनीपासून दीड हातावरून, एक बारीकशी.

"साहेब," वत्सलाबाईचा आवाज होता. भिंतीतून आला, पण दबलेला नव्हता, शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ. "कुठं जायचं ते सांगा ना. आम्ही केव्हाचे उभे आहोत."

त्याला सांगण्यासारखं मी लिहूनच दिलं नव्हतं. त्याची मान हलायला लागली. माझ्याकडे वळत होती, हळूहळू, आणि भिंत त्याच्या गालाबरोबर थोडी पुढे येत होती. चेहरा दिसायच्या आत मी जिना उतरायला लागलो होतो. तोंडातल्या तोंडात निफाड, निफाड, फकिराकडे, असं म्हणत होतो. जोराने म्हणायला हवं होतं, पण तेवढा आवाज फुटला नाही. आणि तोंडी सांगितलेलं आमच्याकडे कधी कोणी धरलेलं नाही.

बाहेर ऊन होतं, लोक होते. पोकलेनवाल्याने गुटखा थुंकून मशीन सुरू केलं. मॅडमनी फळीला लावलेला कागद पुढे केला.

"खैरनार, नीट बघितलं ना?" त्यांनी विचारलं. "आत कोणी आहे का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. कोणी आहे म्हटलं असतं तर मशीन थांबलं असतं. चार माणसं वर गेली असती. त्यांना ट्रंक सापडली असती आणि कोरी भिंत. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं असतं की कोण आहे, कुठे आहे, तुम्ही त्यांना त्या संध्याकाळी कुठे नेलंत? मला सगळं सांगावं लागलं असतं. कदाचित एखाद्याने भिंतीला कान लावला असता. कदाचित एका बाजूने भिंत हाताने उकरली असती, विटेवर वीट. लखनने उकरली असती, असं मला आता वाटतं.

मी म्हणालो, "बघितलं, मॅडम."

त्या पेन धरून थांबल्या होत्या. याआधीचे माझे सगळे अहवाल मी न बघता लिहिले होते. हा एकच बघून लिहिला. 'इमारतीत कोणीही नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.